शिळं माप

मास्तर तोंडाचे भलते फटकळ. आयुष्यभर ते गिऱ्हाइकांना जे जे बोलले ते कुणी छापलं असतं, तर अर्ध्या गल्लीने त्यांच्याशी बोलणं टाकलं असतं. पण छापून आलं ते एकच वाक्य, तेही लोकांनी टाळ्या वाजवलेलं, आणि नेमकं तेच त्यांच्या मुळावर उठलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. शर्ट, पँट, लग्नाचे कोट शिवणारे. खाली रस्त्यालगत दुकान, दुकानातूनच वर जाणारा अरुंद जिना आणि वर दोन खोल्या. त्या जिन्यावरून एका वेळी एकच माणूस जाऊ शकायचा, आणि तो अंगाने भरलेला असला तर त्याने अंग चोरून जायचं. कापणी मास्तरांची, काज-बटणं आणि तुरपाई त्यांच्या बायकोची. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ती बोलायची कमी, पण दातात दोरा धरून जे बोलायची ते पलीकडच्या दुकानात ऐकू जायचं. उशिरा झालेला एकुलता एक मुलगा होता. तो मोठ्या रस्त्यावरच्या रेडीमेड कपड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करायचा. मास्तरांच्या मते तिथे कपडा माणसाच्या मापाचा नसतो, माणसालाच कपड्याच्या मापाचं व्हावं लागतं. हे ते मुलगा जेवायला बसला की हटकून सांगायचे.

दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, दर खेपेला माप नव्याने घ्यायचं. मापाची चिठ्ठी कापडाला टाचणीने लावायची आणि कपडा गिऱ्हाइकाच्या हातात पडला की चिठ्ठी कचऱ्यात टाकायची. एखादा घाईतला साहेब म्हणायचा, "मास्तर, मागच्याच मापावर कापा ना. मी काय बदललोय थोडाच?" मास्तर गळ्यातली टेप काढत म्हणायचे, "साहेब, ते तुम्ही नका सांगू, टेप सांगेल. माणूस दारातून बाहेर पडला की माप शिळं." मग गळा, खांदा, छाती करत करत तो ठरलेला प्रश्न यायचा, "आत्ता जो घातलाय, तो कुठे आवळतोय?" माणूस आधी म्हणायचा, कुठेच नाही. मास्तर टेप तशीच धरून गप्प उभे राहायचे. जरा वेळ गेला की माणूस खरं सांगायचा, काखेत, पोटावर, बसलं की मांडीवर. मास्तरांची सगळी कला त्या गप्प उभं राहण्यात होती. बाकी सरळ शिवण तर कुणीही मारतो.

छातीत घरघर सुरू झाली तेव्हा मास्तरांना वाटलं, मशीन वाजतंय. मशीनला तेल पाजलं, पट्टा बदलला, तरी घरघर थांबेना. मग एक दिवस मशीन बंद असताना ती ऐकू आली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं, "मास्तर, कापडाचा कोंडा आणि सिगारेटी, दोन्हींनी मिळून तुमच्या फुप्फुसांची वाट लावलीय. ती आता नव्यासारखी होणार नाहीत. पण जपलंत तर बरीच वर्षं चालतील. फक्त एक करा, ताप आला, कफ पिवळा झाला, की लगेच मला कळवा. बसून राहू नका." मास्तरांनी सिगारेट सोडली आणि त्या रागात दोन गिऱ्हाइकंही सोडली.

त्याच सुमाराला समोरच्या हॉलमध्ये एक संस्था आली. माणसाचे शेवटचे दिवस नीट जावेत, आणि ते कसे जावेत हे त्याने धडधाकट असतानाच ठरवून ठेवावं, याचा प्रचार करणं हे तिचं काम. कार्यकर्त्यांसाठी फिकट निळी, बिनबाह्यांची जाकिटं हवी होती, म्हणून संस्थेच्या बाई दुकानात आल्या. बोलणं इतकं हळू की मास्तरांना प्रत्येक वाक्याला कान पुढे करावा लागला. बाई गेल्यावर मास्तरांनी तिचं नाव ठेवलं हळूबाई. नाव ठेवलं की ते चिकटायचंच. महिन्याभरात अख्खी गल्ली तिला पाठीमागे हळूबाई म्हणायला लागली.

"यांचा धंदा काय म्हणे?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मरायचं कसं ते शिकवतात."

"जेवण वाढायच्या आधीच खरकटं काढायला बसलेत," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

मास्तर तर गल्लीभर सांगत सुटले, "मरायला कुणी शिकवणी लावतं का? आजवर त्या परीक्षेत एकही नापास झालेला नाही!"

पण मग शेजारचा इस्त्रीवाला आजारी पडला. पोटाचा असा आजार, की बिचारा दिवसभर ओरडायचा आणि रस्त्यावरची पोरं खेळ थांबवून वर बघायची. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा हळूबाई तिच्या नर्सला घेऊन गेली. कसले तरी थेंब दिले, अंथरूण बदललं, पाठ पुसून दिली. इस्त्रीवाला झोपला. पुढचे काही दिवस तो मुलीशी बोलला, चहा प्यायला, मास्तरांशी भांडलासुद्धा. मग गेला. खोटं कशाला बोला, मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ओरडणारा माणूस शांतपणे गेला, यात वाईट काय होतं? त्यांचं मत फिरलं.

मत फिरलं इथपर्यंत ठीक होतं. पण हळूबाईने त्यांना हॉलमध्ये चार शब्द बोलायला बोलावलं, आणि तिथे घोटाळा झाला. आयुष्यभर दुकानात उभं राहून बोललेल्या माणसाला पहिल्यांदा माईक मिळाला होता. मास्तरांनी स्वतः शिवलेला कोट घातला. हॉल भरलेला. मास्तर म्हणाले, "शर्ट फाटला की मी रफू करतो. रफूवर रफू झालं की मीच गिऱ्हाइकाला सांगतो, बाबा रे, आता याचं फडकं कर. माझी वेळ आली की मलाही उगाच रफू करत बसू नका!"

लोक हसले, मग टाळ्या, मग पुन्हा टाळ्या. हळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर घरी आले ते हवेत तरंगत.

मग दर सभेला बोलावणं यायला लागलं. तिथली एक गोष्ट मास्तरांच्या लक्षात आली होती, पण तिच्याकडे त्यांनी कानाडोळा केला. जो म्हणेल की मला नळ्या नकोत, यंत्रं नकोत, त्याच्याकडे सगळे कौतुकाने बघायचे. एकदा पोस्टातून निवृत्त झालेले टपालबाबू उठून म्हणाले, "मला तर बुवा सगळं पाहिजे. नळ्या, सुया, यंत्रं, जे असेल ते लावा. मला जगायचंय." हॉल हसला. हळूबाईने मायेने त्यांच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या कार्यकर्तीला हळूच म्हणाली, "यांच्यासोबत अजून काम करायला हवं." नको म्हणणाऱ्यासोबत काम करायची कुणाला गरज वाटत नसे. तो पास. मास्तर तर वर्गात पहिले. पहिल्या आलेल्या पोराने पेपर कसा तपासला हे विचारायचं नसतं, तसं त्यांनीही विचारलं नाही.

त्यांचा फोटो काढला गेला. हॉलच्या काचेवर मोठं चित्र लागलं. कोटातले मास्तर, गळ्यात टेप, चेहऱ्यावर हसू आणि खाली मोठ्या अक्षरांत: उगाच रफू नको. मास्तरांनी कागदावर सहीही केली. त्या कागदात असं होतं, की बरं होण्याची काही आशा उरली नसेल तर दवाखान्यात हलवू नये. यातला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा होता. पण कागद घडी घालून कपाटात गेला आणि काचेवरचं वाक्य सगळ्यांना पाठ झालं.

सहीच्या दिवशी मास्तरीणबाई तेवढ्या चिडल्या. "मला विचारलंत?"

"मरण माझं. तुला काय विचारायचं त्यात?"

त्यावर मास्तरीणबाईंनी जो अबोला धरला, तो पुढे बोलायला लागल्या तरी त्या एका विषयापुरता सुटला नाही.

थंडी संपत आली तेव्हा मास्तरांना ताप आला. दोन दिवस त्यांनी अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी जिना चढताना मध्येच बसले. मुलाने उचलून वर नेलं आणि पुढच्या खोलीत खिडकीशी असलेल्या पलंगावर ठेवलं. कफ पिवळा होता. श्वास वर वर चालला होता, गळ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच परतायचा.

मुलगा जिन्याच्या तोंडाशी गेला. मास्तरांनी चप्पल घातल्याचा आवाज ऐकला. जा लवकर, ते मनात म्हणाले. मग मुलगा थबकला.  आणि चप्पल काढल्याचा आवाज आला.

मुलाची चूक नव्हती. तो लहान असताना त्याने शेजारच्या पोराला सायकल द्यायचं कबूल केलं होतं आणि द्यायची वेळ आली तेव्हा रडायला लागला होता. मास्तरांनी त्याला हाताला धरून नेलं आणि सायकल द्यायला लावली. "आपल्या घरात दिलेला शब्द उसवायचा नाही," असं सांगितलं होतं, सगळ्या गल्लीसमोर. पोरगं आठवडाभर मुकं झालं होतं. तेव्हापासून तो शब्दाला इतका पक्का, की शोरूमचा मालकही त्याला घाबरायचा. आता जिन्यात उभं राहून त्याला बापाचा शब्द आठवला. त्याने डॉक्टरांऐवजी हळूबाईला फोन लावला.

हळूबाई लगेच आली. सोबत नर्स होती. दोघींच्या अंगात मास्तरांनी शिवलेली निळी जाकिटं. नर्सने उशा रचल्या, पाठीला आधार दिला, थेंब दिले. श्वास जरा कमी टोचायला लागला, हे खरं. हळूबाईने त्यांचा हात हातात घेतला.

"मास्तर, घाबरू नका. आम्ही आहोत ना. तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत."

मास्तरांना म्हणायचं होतं, बाई, शिकवलं ते विसरा, डॉक्टरला बोलवा. पण तिच्या डोळ्यांत तेच पाणी होतं, पहिल्या सभेतलं. 

मुलाने दारात उभं राहून विचारलं, "ताई, एकदा डॉक्टरांना दाखवावं का?"

"दाखवायला हरकत काहीच नाही," हळूबाई म्हणाली. "पण डॉक्टर म्हणणार, हलवा. मग तिथे नळ्या, सुया, आणि आपण बाहेर काचेतून बघायचं. मास्तरांना नेमकं तेच नको होतं ना?"

"हो," मुलगा म्हणाला. "तेच नको होतं."

मास्तर पलंगावर पडून हे ऐकत होते. आपण खोलीत असताना आपल्याबद्दल 'होतं' म्हणून बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. वाईट बोलत असते तर मास्तरांनी उशी फेकून मारली असती. सगळे चांगलंच बोलत होते. आणि तेच त्यांना उठू देईना.

खिडकीतून समोरचा हॉल दिसायचा आणि काचेवर ते स्वतः. कोटातले, गुबगुबीत, हसणारे. मास्तरांनी भिंतीकडे तोंड वळवलं. संध्याकाळी आलेल्या कार्यकर्तीने मोठ्या प्रेमाने त्यांना पुन्हा कुशीवर वळवलं. "बाहेरचं दिसू दे हो त्यांना, बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालबाबू भेटायला आले. तेच ते, सगळं पाहिजे म्हणणारे. खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी हातात फिरवत राहिले. "मास्तर, मानलं तुम्हाला. मला नाही जमणार बुवा. माझी तर आत्ताच फाटते." मास्तरांना त्या माणसाचा इतका हेवा वाटला की छातीत आणखी कळ आली. हा पळपुटा उद्या आजारी पडला तर सरळ दवाखान्यात जाईल आणि कुणाला काही वाटणार नाही. त्याला हसलेल्यांत आपणही होतो, तेही सगळ्यात मोठ्याने.

दुपारी मुलगा एकटाच जवळ येऊन बसला. डोळे सुजलेले. "बाबा," तो म्हणाला, "तुमचं ठरलंय तसंच करायचं ना?"

असा प्रश्न विचारला की उत्तर त्यातच शिवलेलं असतं. तरी मास्तरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, अख्खं अंग हललं, मानही वर-खाली झाली. मुलाने ती मान पाहिली आणि त्यांच्या हातावर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला.

खोकला थांबल्यावर मास्तरांना मान हलवून नाही म्हणता आलं असतं. त्यांनी म्हटलं नाही. लाज वाटली. ज्या बापाने पोराची सायकल काढून घेतली, त्याने आता पोरापुढे आपलाच शब्द उसवायचा? मरणाची भीती मोठी की लाज मोठी, असं कुणी दुकानात विचारलं असतं तर मास्तर हसून भीती म्हणाले असते. आता दोन्ही एकत्र छातीवर बसल्या होत्या, आणि जड होती ती लाज. आपण मरणार आहोत, आणि ते केवळ एका बऱ्या जमलेल्या विनोदापायी, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांना ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला श्वास नव्हता, आणि श्वास असता तरी ते ओरडले असते की नाही, याची खात्री नव्हती.

मास्तरीणबाई येऊन जाऊन होत्या. पाणी पाजायच्या, कपाळ पुसायच्या, बोलायच्या नाहीत. हळूबाईने त्यांना सांगून ठेवलं होतं, की मास्तरांसमोर रडू नका, शांत राहा. मरण माझं, तुला काय विचारायचं, हे तर नवऱ्यानेच सांगितलेलं.

पलंगावर पडल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी नर्सने मास्तरांचा घामाने भिजलेला सदरा काढला. डोक्यावरून काढताना त्यांना इतका दम लागला की ओठ निळे पडले. हळूबाई म्हणाली, "मास्तरीणबाई, समोरून पूर्ण उघडे असे दोन-तीन सैल सदरे शिवाल का? बदलायला सोपं पडेल त्यांना."

मास्तरीणबाई खाली गेल्या. मास्तरांना वर पडल्या पडल्या दुकानातला प्रत्येक आवाज कळायचा, लाकडी तक्तपोशीच तेवढी मध्ये. कपाट उघडलं. मऊ कापडाची घडी काढली, टेबलावर झटकून पसरली. खुंटीवर मास्तरांचा जुना शर्ट होता, तो काढून कापडावर ठेवला असणार. कैची उचलली. मास्तर कैचीच्या पहिल्या आवाजाची वाट बघत राहिले. तो आवाज झाला की संपलं, असं का कोण जाणे, त्यांना वाटत होतं.

आवाज झाला नाही. कैची टेबलावर ठेवल्याचं कळलं. मग जिन्यावर पावलं वाजली.

मास्तरीणबाई वर आल्या त्या गळ्यात टेप आणि हातात खडू घेऊन.

"अहो, जुन्या शर्टावरूनच घ्या ना माप," हळूबाई खुर्चीतून म्हणाली. "सैलच तर हवेत. त्यांना कशाला उगाच त्रास?"

"आमच्याकडे तसं कापत नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. गळ्याला टेप लावली. खांदा घेतला. छातीला टेप लावताना त्यांना मास्तरांच्या पाठीखालून हात घालावा लागला, आणि टेपचं टोक पूर्वी जिथे यायचं त्याच्या कितीतरी पुढे आलं. त्यांनी ते पुन्हा मोजलं. मग सवयीने, अर्धवट स्वतःशीच, तोंडातून निघालं, "कुठे आवळतंय?"

मास्तरांच्या अंगावर एक चादर होती. आवळायला काही नव्हतंच.

"कुठेच नाही," मास्तर पुटपुटले.

मास्तरीणबाईंनी टेप काढली नाही. ती तशीच धरून त्या बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत, कुणाकडे बघितलं नाही. नवऱ्याशेजारी अख्खा संसार दुकानात काढला होता, गप्प राहणं त्यांनाही येत होतं. खालून एक गाडी गेली. नर्सने बाटलीचं झाकण लावलं. मास्तरांनी डोळे मिटले, उघडले.

"अगं," ते म्हणाले, "मला डॉक्टरकडे ने." श्वास घेतला. "मला नाही मरायचं इतक्यात."

मुलगा दारात उभा होता. 

हळूबाई पुढे सरकली, तिने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, भीती वाटणं साहजिक आहे हं. सगळ्यांना वाटते. म्हणून तर आपण शांत असताना ठरवून ठेवतो. भीतीच्या भरात बोललेलं…"

मास्तरांना वाटलं, संपलं. आता आपण काहीही बोललो तरी ती भीतीच बोलणार. नको म्हटलं तर तो निश्चय आणि हवं म्हटलं तर ती भीती. या दाराची कडी बाहेरूनच होती.

"बाई, जरा थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण खाली रस्त्यावर ऐकू गेला असेल. मग त्या मुलाकडे वळल्या. "ते सही करून आले तेव्हा कोट घालून हॉलमध्ये उभे होते, दोन पायांवर. आता हे बघ, हे इथे आहेत. तुझ्या बापाने मागच्या मापावर जन्मात एक बाही कापली नाही रे. आणि तू त्यांना…"  त्यांनी टेपचं टोक डोळ्यांना लावलं. "चप्पल घाल. डॉक्टरांना घेऊन ये. आणि या खेपेला चप्पल काढू नकोस."

मुलगा अनवाणीच पळाला.

 हळूबाईचा चेहरा बघवत नव्हता, बाई काही दुष्ट नव्हती. मग ती खिडकीशी गेली आणि आपल्या कार्यकर्त्याला मारलेली तिची हाक अख्ख्या गल्लीने ऐकली, "गाडी काढा! लवकर!" हळूबाईला एवढा आवाज आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. जिना अरुंद, म्हणून मास्तरांना खुर्चीत बसवून उतरवलं. पुढून मुलगा, मागून डॉक्टर. डॉक्टर सगळ्या पायऱ्यांवर एकच वाक्य म्हणत होते, "सांगितलं होतं, बसून राहू नका म्हणून." जाकीट घातलेली हळूबाई खाली दुकानात भिंतीला चिकटून वाट देत उभी होती. तिच्यासमोर खुर्ची आली तेव्हा मास्तरांनी मान उचलली आणि म्हणाले, "रफू करतोय, ताई. माफ करा." ते चेष्टेने म्हणाले की खरंच माफी मागितली, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

दवाखाना मास्तरांना मुळीच आवडला नाही. नाकात नळी, हातात सुई, शेजारच्या पलंगावर रात्रंदिवस कण्हणारा माणूस, आणि अंगात पाठीशी नाड्या असलेला झगा, ज्याची शिवण इतकी वाकडी की मास्तरांना बघवेना. तिथेही अडकलेच होते. पण ताप उतरला, कफ सुटला, आणि एके दिवशी ते त्याच खुर्चीतून जिना चढून घरी आले.

घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर हळूबाईला बोलावून काचेवरचं चित्र काढायला सांगितलं.

"मास्तर, वाक्य तर खरंच चांगलं आहे," हळूबाई म्हणाली. "कितीतरी लोकांना धीर येतो त्याने."

"वाक्य राहू दे तुमच्याकडे. तोंड माझं आहे, ते परत द्या."

तोंड परत मिळालं. थोड्याच दिवसांत काचेवर तेच वाक्य पुन्हा लागलं, वर दुसऱ्याच कुणाचा तरी हसरा चेहरा. मास्तरांना सभेला बोलावणं आलं नाही. गल्लीतले काही जण त्यांच्याकडे असे बघायचे, जसं शर्यतीत मध्येच बसलेल्या घोड्याकडे बघतात. टपालबाबू मात्र खुशीत दुकानात आले. "मास्तर, तुम्ही आमच्यातलेच निघालात की!" मास्तरांनी त्यांना चहा पाजला आणि पँटची उंची फुकट कमी करून दिली.

मुलगा मात्र बरेच दिवस नजर चुकवत होता. एकदा जेवताना त्याचा बांध फुटला. "बाबा, मी तुमचंच ऐकलं होतं."

"ऐकलंस रे," मास्तर म्हणाले. "विचारलं नाहीस. आणि मी तरी कुठे नीट बोललो? सायकलीची शिक्षा झाली मला." 

त्यानंतर मास्तर पुन्हा कापायला बसले, पण थोडं थोडं. पुढच्या थंडीत छाती परत भरली. या वेळी डॉक्टरांनी मुलाला जिन्यात गाठून सांगितलं, की आता त्यांना काही खात्री देता येत नाही. दवाखान्यात नेलं तर कदाचित निभावेल, कदाचित तिथून परत येणं होणार नाही. घरी ठेवलं तर त्रास कमी करता येईल. कोनाड्यात नर्सने ठेवलेली थेंबांची बाटली होती. खाली रस्त्यावर गाडीवाल्याला थांबायला सांगितलेलं होतं. मास्तरीणबाई पायाशी बसल्या होत्या. त्यांनी मुलाकडे बघितलं, नुसतं बघितलं.

मुलगा चपला हातात घेऊन पलंगाजवळ उभा राहिला. त्या शोरूममध्ये त्याने कधी कुणाचं माप घेतलं नव्हतं, तिथे तशी पद्धतच नव्हती. त्याचे ओठ दोनदा हलले. मग तो म्हणाला, "बाबा, कुठे आवळतंय?"

मास्तरांनी डोळे उघडले. "कुठेच नाही," ते म्हणाले.

मुलगा हलला नाही. त्याने चपला जमिनीवर ठेवल्या, स्टूल ओढून जवळ घेतलं आणि बापाचा हात धरून गप्प बसून राहिला. मास्तर त्याच्याकडे बघत होते. पोराला घाई नव्हती.

"सांगतो," मास्तर म्हणाले. "जरा श्वास येऊ दे."